मीराच्या बाईकचा ब्रेकलाइट

फ्रिस्को, अमेरिका. रविवार संध्याकाळ

मीराच्या बाईकचा ब्रेकलाइट लागत नाही, आणि दोष माझाच आहे. शेजारच्या सतीशने मीटर लावून खात्री केली. करंट मी केलेल्या जोडापर्यंत येतो, पुढे जात नाही.

दसऱ्याच्या पूजेला लेकीची बाईक सजलेली दिसावी म्हणून मागे एलईडी पट्टी लावली. त्यासाठी वायरी कापून पुन्हा जोडल्या, त्यात ब्रेकच्या वायरीचा जोड कच्चा राहिला. पट्टी झगमगली, हार घातला, फोटो काढले.

“काका, नारळ फोडलात, पण ब्रेक दाबून बघितला नाहीत?” सतीश म्हणाला. हसलो. पण चार दिवस ती तशीच हायवेवरून ऑफिसला गेली. मागच्यांना ती थांबतेय हे कळतच नव्हतं. चार दिवस.

आज तिच्या मागून येताना सतीशला दिसलं, म्हणून कळलं.

“बल्ब गेला असेल बाबा, चिल,” मीरा म्हणाली. मी “हो” म्हणालो. का म्हणालो?

सकाळी सहाला सतीश नवी वायर टाकायला येईल. सातला मीरा हेल्मेट घेऊन खाली उतरेल. किल्ली देण्याआधी तिला खरं सांगायचं आहे. ती ओरडणार नाही. फक्त यापुढे, ऑफिसला निघताना, प्रत्येक वेळी वाकून मागचा दिवा तपासेल.