नऊ कुत्र्यांचं शेवटचं जेवण

मी, एनोक फ्लायशर, वय एकाहत्तर, राहणार सात्तुत, ग्रीनलँड, डोकं ठिकाणावर असताना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहितो. फुप्फुसं कामातून गेली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, उन्हाळा दिसणार नाही.

१. घर आणि होडी मुलगी पानिराक हिला. ती दक्षिणेला नूकमध्ये असते, परत येणार नाही, विकून टाकेल. टाकू दे.

२. माझी स्लेजची नऊ कुत्री. स्लेजची कुत्री दक्षिणेला न्यायला कायद्याने बंदी आहे, म्हणून ती नूकला नेता येत नाहीत. इथल्या पोरांकडे बर्फावरच्या मोटारी आहेत. घरोघर विचारून झालं, कोणी घेत नाही. पानिराक फोनवर म्हणते, "बाबा, मी खाण्याची पोती पाठवते ना!" पोत्यावर 'संपूर्ण व संतुलित आहार' असं छापलेलं असतं. छापणाऱ्याने उणे तीसमध्ये स्लेज ओढून बघावी! पोतं वाईट नाही, पण साखळीला बांधलेल्या कुत्र्यांपर्यंत ते आपण होऊन चालत जात नाही.

३. खरा आहार असा: सीलचं मांस, त्याच्या निम्मी चरबी, थोडं यकृत, हाडं, केसांसकट कातडं. मासा आठवड्यातून दोनदाच. थंडीत कुत्री पाणी पीत नाहीत, म्हणून कोमट पाण्यात रक्त कालवून द्यावं. पांढऱ्या अस्वलाचं यकृत कधीच नाही, विष आहे ते.

४. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. १९९८च्या हिवाळ्यात सीलच्या शिकारीचा कंटाळा करून मी तीन आठवडे नुसता मासा घातला. मेहुणा कार्ली दारात येऊन ओरडला, "दाजी, चरबी घाला! माशाने पोट भरेल, ऊब यायची नाही!" मी म्हणालो, "कुत्री माझी आहेत. तू तुझं बघ." माझा मुलगा नुका तीच कुत्री जुंपून निघाला. ती वाटेत बसली ती उठलीच नाहीत. नुका पायी परत फिरला आणि गोठून गेला. दफनाच्या वेळी कार्ली म्हणाला, "सांगितलं होतं, दाजी." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो खरं बोलला, एवढाच त्याचा गुन्हा.

५. माझी बंदूक कार्लीला. माझ्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने नऊही कुत्री मारावीत. साखळीला उपाशी मरण्यापेक्षा ते बरं, आणि त्याचा नेम चुकत नाही. पण आधी पोटभर वाढावं. छपरीत अख्खा सील ठेवलाय. त्यांतली म्हातारी कुत्री आर्नाक हिला पहिलं वाढावं. तिला दात नाहीत, बारीक कापून द्यावं.

सही: एनोक फ्लायशर
साक्षीदार: मार्ग्रेथे लुंड, दुकानवाल्या, येन्स ओल्सविग, चर्चचे शिक्षक
सात्तुत, ३ मार्च २०२१

(खाली, वेगळ्या अक्षरात)
वाचलं. चरबी घालेन, दाजी. — कार्ली