नकाशावरची सुनंदा

खांदा कॉलनी,
१८ जानेवारी, दुपार

प्रिय शोभाताई,

रागावू नका. तुम्ही देवाघरी गेल्यावर ठरवलं होतं, आठवड्याला एक पत्र वहीत तुमच्या नावाने लिहायचं. आज दहा महिन्यांनी पहिलं लिहिते आहे, आणि तेही घाबरले म्हणून. बाहेर लिफ्टचं दार वाजलं की माझा हात थांबतो.

तुमच्या गृहिणी गटाची मी वेबसाइट केली. तुमच्या वहीतली नावं, पदार्थ, पत्ते संगणकावर यादीत उतरवले. त्या यादीवरून नकाशा तयार होतो, ताई! प्रत्येकीच्या घरावर लाल खूण. तिच्यावर बोट ठेवलं की चौकट उघडते, कुणाचे मोदक, कुणाच्या चकल्या. शेवटी कोडच्या चार ओळी मिळतात, त्या आपल्या पानात चिकटवल्या की झालं. नकाशा पहिल्यांदा बोटाखाली सरकला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मेधा, पुरे कौतुक, आधी माझं घर दाखव!"

तुमचं घर शोधतानाच चुकले. वहीत सुनंदाच्या नावापुढेही तुमचाच पत्ता होता. मला वाटलं, घाईत चुकलं असेल. मी तिला फोन करून खरा पत्ता विचारला, नकाशाचं काही बोलले नाही. "ताईंच्या जागी आता तुम्हीच, घ्या लिहून," म्हणाली. खूण रस्त्याच्या मधोमध पडत होती, ती मी ओढून नेमकी तिच्या इमारतीवर आणली. चौकटीत लिहिलं : तळमजला, मागचं दार. केवढा माझा नीटनेटकेपणा!

तिच्या ऑर्डरी तुमच्या दारातूनच का जायच्या, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? आणि तुम्ही तरी! एवढे लाडू एकत्र वळले आपण. ती नवऱ्यापासून लपून राहते, एवढं एक वाक्य सांगायचं होतंत. तिचं गुपित तुम्ही कसं सांगणार, हेही कळतं. तरी चिडले आहे तुमच्यावर.

परवा वेबसाइटवरच्या नंबरवर, म्हणजे माझ्याच, फोन आला.

"ती गुळपोळीवाली, नकाशावर दिसते ती. दुपारची घरीच असते नं?"

"हो. किती पोळ्या हव्यात?"

"पोरगी पन हाय नं तिच्यासंगं?"

"आपण कोण?"

"घरचाच मानूस हाय." आणि फोन बंद.

पोळ्या मागवणारा पोरीची चौकशी कशाला करेल? मी आधी नकाशावरची खूण काढली आणि मग सुनंदाला फोन केला. हाच क्रम का, ताई? तिला वाचवत होते की स्वतःला? नकाशा एका जागी बदलला की जिथे जिथे चिकटवलाय तिथेही बदलतो, म्हणून निश्चिंत होते. पण खालची मूळ यादी कुणालाही उघडता येत होती, हे संध्याकाळी आठवलं, तेव्हा तीही बंद केली.

लगेच रिक्षा करून तिच्याकडे गेले. नकाशाचं तेवढं गाळून त्या माणसाचं फोनवरचं बोलणं सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, "आवाज घोगरा होता?" मी हो म्हणाले. तिनं मुलीचं दप्तर उचललं. परवापासून दोघी माझ्याकडे आहेत.

"भावानंच सांगितलं असणार," ती म्हणाली. ज्या भावानं तिला त्या घरातून बाहेर काढलं, खोली बघून दिली, तोच. माझ्यासमोर त्याला फोन लावला. "आजपासून मला भाऊ नाही!" तो पलीकडून शपथा घेत होता, मला ऐकू येत होतं. मी पाण्याचा पेला धरून उभी.

काल चौकीत तक्रार द्यायला गेलो. साहेबांनी विचारलं, "पत्ता त्याला कळला कसा?"

"भावानं दिला," सुनंदा म्हणाली.

तसंच लिहिलं गेलं. मी शेजारच्या खुर्चीत होते.

खरं कळलं तर ती या क्षणी मुलीला घेऊन निघून जाईल, आणि तो बाहेर कुठे उभा असेल कुणास ठाऊक. म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगते. पण तिची नजर मला सोसणार नाही, हेच खरं कारण नाही ना? आत्ता ती माझ्या ओट्यापाशी कणीक मळते आहे. "नुसतं बसून काय करू, मेधाताई? तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. तुमच्यासारखं माणूस भेटलं म्हणून आम्ही जिवंत आहोत." आणि परत लिफ्टचा आवाज आला तशी दोघींनी श्वास रोखला. वरच्या मजल्यावरचे काका होते.

ताई, तुम्हाला वचन देते. तिने माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं तरी सुरक्षित जागा मिळेपर्यंत तिला माझ्या घराबाहेर पडू देणार नाही. हवं तर मी बहिणीकडे जाऊन राहीन, घर तिला देईन.

तुमची,
मेधा

उद्या : सकाळी उठल्याबरोबर सुनंदाला सांगणे, पत्ता मी टाकला.