आरूचा डावा डोळा

३ जून, सुरत
लूमवर डोळे तपासणीचं शिबिर लागलं. माहे ठीक निघाले. निघता निघता डॉ. बाईले मोबाईलवर आरूचा फोटो दाखवला. पोरगी चार वर्षांची, डावा डोळा नाकाकडं पळते. बाई म्हणे, कुठं दाखवलं का? सांगतलं, आमच्या गावात, किन्हीराजात, तिरळी पोरगी नशिबाची. पेरणीची पहिली मूठ तिच्या हातानं टाकतात. दवाखान्यात कोण नेते. बाई हसल्या नाहीत.

४ जून
बाईचं लिहून ठेवतो, नाहीतर विसरीन. डोळा फिरवणाऱ्या नसा-स्नायू जुळून चालत नाहीत. नशीब नाही, पोटात असताना लागलेलं गिऱ्हाणही नाही. दोन डोळे दोनीकडं पाहतात, मंग मेंदू एकाचं पाहणंच सोडून देते. लहानपणी धरलं तर सुधरते. मोठी झाल्यावर कठीण.

६ जून
बायकोले फोन केला, वाशिमले ने म्हणलं. मायनं फोन घेतला. "पेरणी होऊ दे. चार वावरांत पहिली मूठ तिचीच ठरली. नशीब कोणी दवाखान्यात नेते काय?" दिवसभर डोकं गरम. कामाची ही तिसरी कंपनी, इथंही मन लागत नाही.

१९ जून
पेरणी झाली. बायको आरूले वाशिमले नेऊन आली. चष्मा, अन् रोज दुपारपर्यंत एका डोळ्यावर पट्टी. मायनं काहीच खळखळ केली नाही म्हणे. नवल.

२७ जून
व्हिडिओ कॉल. आरू पट्टी लावून कोंबडीमागं पळून राह्यली, कुठंच धडकत नाही. म्हणलं, जवळ ये. पट्टी तिरळ्याच डोळ्यावर. मायले विचारलं, काहून?
"त्यालेच जपाचं नं, बाप्पा. सारा गाव नजर लावते."
बायको कामावरून जेवाले आली होती, मागून म्हणे, मी सकाळी बरोबर लावतो, कामाले गेली का सासूबाई बदलवतात. मायले समजावलं, चांगला झाकला तर आळशी डोळा कामाले लागते. माय म्हणे, चांगला डोळा कोणी बांधते काय? तुही अक्कल सुरतले गेली.

३० जून
सुट्टी होती, सकाळीच कॉल लावला. पट्टी उजव्या डोळ्यावर. फोन मायच्या हातात, तोंड फुगलेलं. आरूनं मोबाईल पार नाकाशी धरला.
"बाबा, तू धुपटात बसला काय?"
म्हणलं, नाही बेटा, धूर कुठं, खोलीत हाओ.
"मंग दिसत काहून नाही?"
मायचा हात पट्टीकडं गेला. तिथंच राह्यला. "एवढं कमी दिसते इले?" हळूच म्हणे. मले नाही, बायकोले विचारलं.
हात मागं घेतला. फोन ठेवला तवा पट्टी जागेवर होती. उद्या बायको कामाले जाईल, घरी दोघीच. तवा माय पट्टी तशीच ठेवते का, पाहू.