कॅमेऱ्याशेजारची जागा

वर्दिंग,
९ मार्च १९८६

डेस्मंड फेराबी यास,

तुझं पत्र पोचलं. 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात धजेना. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतोय, समुद्राचा वारा घरात घुसतोय. तू वाढदिवसाला धाडलेली व्हिस्की मिळाली. शेजाऱ्याला देऊन टाकली.

तर टीव्हीच्या नव्या नाटकात तू न्यायाधीश आणि मी तुझा कारकून. वा रे वा! पन्नास वर्षांत मी बावीस बटलर, नऊ पाद्री आणि दोन प्रेतं केली. कारकूनच तेवढा राहिला होता. रस्त्यात लोक मला थांबवतात, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो!" म्हणतात, आणि शेवटी मी त्यांच्या बँकेतला मॅनेजर ठरतो. सह्या तुझ्या घेतात.

"तू शेजारी असलास की मला धीर येतो," म्हणे. धीर! आणि १९५२ साली मला नको होता?

आपल्या धंद्याची साधी रीत आहे. एकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा असला की दुसऱ्यानं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपली वाक्यं जीव ओतून म्हणायची. त्या वर्षीच्या सिनेमात तुझा क्लोजअप सकाळी झाला. मी उभा राहिलो, खरा रडलो, आणि कॅमेरा माझ्याकडे नव्हताच. माझा दुपारी होता. मुलगा लढाईत मारला गेल्याचं ऐकणारा बाप, माझ्या जन्मातला एकुलता एक मोठा क्लोजअप. आणि तू? "नॉर्मन, चालवून घे रे," म्हणालास आणि जेवायला गेलास! स्क्रिप्टवाल्या बाईंनी तुझी वाक्यं वाण्याची यादी वाचावी तशी वाचली. मी तुझ्या जागी ठेवलेल्या लाकडी स्टँडवर चिकटवलेल्या कागदाकडे बघत मुलासाठी रडत होतो. तो शॉट कापला. पुन्हा मला बापाचं काम कुणी दिलं नाही, बटलरच दिले.

"चौतीस वर्षं झाली, सोड की आता," हिल्डा म्हणते. बायकोला काय जातंय सोडायला! शॉट माझा कापला गेला, तिचा नाही, असं म्हणालो तर चहाची किटलीच आपटली तिनं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. ते वाचल्यापासून झोप नाही. लिहितोस, "ऑक्टोबरात त्या डॉक्टरांच्या मालिकेत आपण दोघंही विसरलो. वय झालं. पण सगळे हसले तेव्हा तू हसला नाहीस, हे तुझे उपकार."

कसले उपकार, मूर्खा! मी विसरलो नव्हतो.

"मला घरी ने, अंधार पडायच्या आत." एवढंच तुझं वाक्य. मला समोरच्याची वाक्यंही पाठ असतात, तुला ठाऊक आहे. तू कॅमेऱ्यासमोर अडलास. अकरा वेळा अडलास. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. एक शब्द कुजबुजलो असतो तर निभावलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी त्या लाकडी स्टँडसारखा उभा राहिलो. पहिल्या वेळी मजा वाटली, खोटं कशाला बोलू. चौथ्या वेळी नाही वाटली. तरी तोंड उघडलं नाही.

परवा डायरेक्टरचा फोन आला. "तुम्ही शेजारी उभे राहणार असाल तरच फेराबींना घेतो." हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मरेस्तोवर मान वाकवायचा नाहीस तू.

मी येतोय. माफ केलंय असं समजू नकोस, माझी मला लाज वाटते म्हणून येतोय. पण अट आहे. कारकुनाचा क्लोजअप आधी घ्यायचा, न्यायाधीशाचा नंतर. माझ्या वेळी तू कॅमेऱ्याशेजारी उभा राहायचंस. वाक्य आठवो न आठवो, जेवायला जायचं नाही. मग तुझी पाळी आली की मी आहेच.

तुझं वाक्य अजून तोंडात धरून बसलेला,
नॉर्मन टॅपस्कॉट