दारापाशीचं रॅक

१४ जुलै, सोमवार

सावनचा पहिला सोमवार आणि फरियालीचं रॅक रिकामं. साबुदाणा नाही, राजगिरा नाही, शिंगाड्याचं पीठ नाही. दारापाशी, सगळ्यात मोक्याच्या जागेवर, शाळेच्या वह्या. चारला महाकालाच्या पालखीची सवारी, त्यामुळे फ्रीगंजात सकाळपासून बाहेरगावची माणसं, आणि आमच्या मार्टात आलेला प्रत्येक जण विचारतोय, ‘उपवास का सामान कहाँ है?’

चूक माझी. पूर्ण माझी. किराण्याची ऑर्डर मीच लावते. जूनमध्ये घरी बसून लावली, स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर समोर धरून. त्यात श्रावण पंचवीस जुलैपासून. इथल्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंचवीस वर्षं उज्जैनात काढली, दर वर्षी सवारी बघते, आणि तरी!

स्टोअर मॅनेजर दुबे सर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. बिचारे नुसते रॅककडे बघत राहिले. ते बघवेना. मीच आमच्या देवासच्या स्टोअरला फोन लावला. तिथला मॅनेजर माल सोडायला तयार नाही. ‘दीदी, सोमवार तो हमारे यहाँ भी है.’ म्हटलं, ‘भिया, आपके यहाँ सोमवार है, हमारे यहाँ महाकाल हैं.’ हसला आणि अर्धा माल दिला. दीडला टेम्पो, दोनला वह्या मागे आणि दारापाशी फरियाली. सवारी निघायच्या आत निम्मं रॅक खाली.

पाय गेलेत अगदी. पण खरं सांगायचं तर आज मजा आली. हे कुणाला सांगायचं नाही.

१५ जुलै, मंगळवार

इंदूरहून एरिया मॅनेजर मॅडमचा फोन. दुबे सर मला वाचवायला ‘सिस्टम में कुछ गड़बड़’ असं काहीतरी सांगायला लागले. मी फोन मागून घेतला. सिस्टीम नाही मॅडम, मी. चुकीचं कॅलेंडर बघितलं.

पलीकडून, ‘मराठी हैं आप?’ हो. ‘और वह रैक आगे किससे पूछकर लाईं?’ कुणालाच नाही. कुठल्या रॅकवर काय ठेवायचं त्याचा नकाशा मुख्य ऑफिसातून येतो, त्यात आम्ही हात घालायचा नसतो. लेखी खुलासा द्या म्हणाल्या.

लिहिला. दुबे सरांनी वाचला, घडी घातली आणि माझ्यापुढे दुसराच कागद ठेवला. असिस्टंट मॅनेजरच्या जागेचा अर्ज. ‘दीदी, कल आपने जो किया, वह मेरा काम था. भर दीजिए.’

म्हटलं, मी पंचेचाळीस वर्षांची आहे.

‘उम्र की लिमिट नहीं है. मैंने देख लिया.’

१८ जुलै, शुक्रवार

अर्ज तीन दिवस पर्समध्ये. नाव, पत्ता, बी.कॉम., सगळं पाच मिनिटांत भरून झालं. अडलंय ते एकाच चौकोनापाशी. इंदूरला दीड महिना ट्रेनिंग, आणि नंतर पहिलं वर्ष कंपनी सांगेल त्या गावी. मान्य की अमान्य. दुबे सरांच्या मते बहुतेक रतलाम, तिथे नवं स्टोअर होतंय.

पुण्याहून मुक्ताचा फोन. लेक माझी एकदम तयार. ‘आई, भर ना! घरात आम्हाला मॅनेजच करत आलीस की, आता बाहेर कर.’ म्हटलं, उद्या तुझं लग्न जमवताना लोक विचारतील आई काय करते. ‘दुकान चालवते सांगीन,’ म्हणाली. ‘आत्ताही तेच सांगते मी सगळ्यांना.’

मी चार वर्षं काय सांगत आलेय? ‘कंपनीत आहे.’ पोरगी बरी निघाली आईपेक्षा.

२० जुलै, रविवार

ह्यांना सुट्टी, मला नाही. रविवारी मार्टात पाय ठेवायला जागा नसते, माझी सुट्टी बुधवारी. चार वर्षांत आमची सुट्टी एका दिवशी आलेली नाही.

सकाळच्या चहाला अर्ज ह्यांच्या पुढ्यात ठेवला. पेपरखाली गेला. परत वर काढून ठेवला. वाचला. ‘रतलाम?’ एवढंच.

कळलं मला. बारा वर्षांपूर्वी रेल्वेत ह्यांना प्रमोशन आलं होतं ते रतलामचंच. मुक्ता सातवीत होती. हे गेले नाहीत, लेखी नकार देऊन आले. मागून लागलेले आता साहेब झालेत आणि हे अजून त्याच खुर्चीत. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. तेव्हा मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं होतं, ‘तुम्ही बघा.’ त्याचा अर्थ जाऊ नका असा होता, आणि तो त्यांना बरोबर कळला होता. आज त्याची फार लाज वाटली.

निघताना मी दारात चपला घालत होते. आतून म्हणाले, ‘तू बघ.’

दिवसभर तेच डोक्यात. ‘तू बघ’ म्हणजे माझ्यासारखं ‘तू बघ’, की खरंच?

२५ जुलै, शुक्रवार

आपला श्रावण लागला. आणि माझी ती उशिराची ऑर्डर आज वाजतगाजत आली. गंमत म्हणजे वाया जात नाहीये. इथल्यांचा सावन अर्धा बाकी, आपला आजपासून, रॅक पुन्हा भरलं ते बरोबरच झालं. दुबे सर म्हणतात, ‘दो-दो सावन! दीदी, यह तो नक्शे में होना चाहिए.’ वहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी आमच्या ऋषिनगरातच, समोरच्या जोशी वहिनींकडे हळदीकुंकू. मराठी बायकांचा सगळा ताफा, कुणी बँकेत, कुणी शाळेत. वहिनी भर घोळक्यात: ‘अगं, अजून त्या दुकानात जाते का तू? मी तर पाहिलं ना तुला परवा. खाली बसून साबण लावत होती.’

एरवी विषय बदलला असता. आज म्हटलं, ‘हो, दुकानातच आहे. आणि साबण नीट लावला नाही तर तो विकला जात नाही, वहिनी.’ आवाज जरा चढलाच. सगळ्या फुटाण्यांकडे वळल्या.

निघताना वहिनींनी जिन्यात गाठलं. त्यांच्या सुनेला आमच्याकडे लागता येईल का विचारत होत्या.

३१ जुलै, गुरुवार

शेवटची तारीख, पाच वाजेपर्यंत. चारला मालाच्या खोलीत तांदळाच्या गोणीवर बसले आणि ‘मान्य’वर खूण केली. पेन चालेना, बिलिंगच्या रुखसानाकडून दुसरं आणलं. तिनं चौकोन बघितला, मला बघितलं, ‘हो गया?’ झालं.

ह्यांना परत विचारलं नाही. तू बघ म्हणाले ना, बघितलं.

घरी आल्यावर सांगितलं. ‘बरं.’ मग म्हणाले, आमटीत मीठ जास्त झालं. झालं नव्हतं.

६ ऑगस्ट, बुधवार

इंदूर. इंटरव्ह्यू. बाहेर बसलेली सगळी पोरं मुक्ताच्या वयाची. एकीनं मला विचारलं, ‘आंटी, आप किसके साथ आई हैं?’ म्हटलं, स्वतःच्या.

आत तिघं जण. इंग्रजीत विचारलं, हिंदीत उत्तरं दिली, दोनदा मराठी निघालं. मधल्या खुर्चीत मॅडम, फोनवर वाटतात त्याच्या निम्म्या उंचीच्या. माझा खुलासा त्यांच्या फायलीत वरच! ‘नक्शा आपके हाथ में हो, तो दरवाज़े पर क्या रखेंगी?’

‘तारीख बताइए.’

हसले तिघं. या महिन्यातली तुम्हीच कुठलीही घ्या म्हणाले.

‘तेईस. चप्पल.’

त्यांना माहीतच नव्हतं. तेवीसला शनिवार, शनिश्चरी अमावस्या. त्या दिवशी लोक शिप्रेवर त्रिवेणीला न्हायला येतात, आणि अंगावरचे कपडे, पायातल्या चपला तिथेच सोडून जातात. पनवती गेली. मग अनवाणी स्टेशनकडे. आमचं मार्ट वाटेवर. मातीच्या पायांनी आत येतात, आणि चपला कुठे, तर पहिल्या मजल्यावर शेवटच्या कोपऱ्यात. चार वर्षं बघतेय मी हे.

मॅडमनी लिहून घेतलं. बसमध्ये मी एकटीच हसत होते.

ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. ते चपलांवरच अडकले. ‘पनवती काय चपलेत असते का? शिकली-सवरलेली लोकं पण बूट सोडून येतात. फालतूपणा.’ ह्यांचं असंच. उज्जैनात राहून महाकालाचं दर्शन शेवटचं केलं ते मुक्ता लहान असताना, तेही पाहुणे आले म्हणून.

१३ ऑगस्ट, बुधवार

निरोप नाही.

हे ऑफिसातून लवकर आले आणि स्वतःहून खिचडी टाकली. ‘शिकून ठेवतो.’ कशासाठी ते विचारलं नाही. खाली लागली होती. दोनदा घेतली मी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल शेवटची, शाही सवारी, अजून अंग दुखतंय. आणि दुपारी मॅडमचा फोन, दुबे सरांना नाही, थेट मला. दुबे सर तेवीसला सुट्टीवर. ‘उस दिन स्टोर आपका. दरवाज़े पर जो रखना है रखिए. फिर सोमवार को बात करते हैं.’

रुखसाना म्हणते, ‘दीदी, मतलब परीक्षा है.’ मलाही तसंच वाटतंय. दुबे सरांना विचारलं, मुद्दाम घेतली ना सुट्टी? म्हणे बहिणीकडे जायचंय. बहीण राखीला इथेच येऊन गेली, मी स्वतः मिठाई खाल्ली आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चपला खाली आणल्या. दारापाशी दोन्ही बाजूंना, नंबर दुरून दिसतील अशा. शेजारी टॉवेल, लुंग्या, गाऊन, लहान मुलांचे कपडे. पाय पुसायला दारात मोठी पोती टाकली.

भीती वाटतेय. कुणी आलंच नाही तर? सगळे परस्पर गाडीत बसून गेले तर? इंटरव्ह्यूत बोलायला काय जातं! आणि आलेच, मिळालंच, तर रतलाम. त्याचीही भीतीच. पण ही दुसरी भीती मला हवी आहे. हे आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

शटरची किल्ली माझ्याकडे. सकाळी उठले तर हे घरात नाहीत, फिरायला गेले असतील म्हणून डबा झाकून निघाले.

उघडल्यापासून रीघ. अनवाणी बाया, अनवाणी म्हातारे, एक अख्खं लग्नघर असावं एवढं कुटुंब निमचहून. आत येतात, समोर चपला बघतात आणि चेहरे असे खुलतात! एक आजोबा म्हणाले, ‘बेटा, तुमको कैसे पता?’ मला रडूच यायचं बाकी होतं.

अकराच्या सुमारास रुखसानानं काउंटरवरून हात केला. दारापाशी, पोत्यावर पाय पुसत, हे उभे. केस ओले, पँट दुमडलेली. अनवाणी.

मी म्हटलं काय, तर, ‘बूट?’

‘त्रिवेणीवर.’

‘ऑफिसचे? दिवाळीत घेतलेले?’

‘मग जुने सोडून काय फायदा?’

मी रतलामला जावं म्हणून न्हाऊन आले, की जाऊ नये म्हणून? विचारलंच. ‘काय मागितलंत?’

‘मागायचं नसतं तिथे,’ हे म्हणाले. ‘सोडायचं असतं. नऊ नंबर दे.’

काय सोडलं ते विचारलं नाही. बारा वर्षांपूर्वी सही करून दिलेला तो कागद मात्र डोळ्यांपुढे आला. खाली बसून नऊ नंबर काढला, काळा, साधा. लगेच घालायला निघाले. म्हटलं, आधी बिल. पुढे अकरा जण होते, रांगेत उभे राहा. राहिले. चपला दोन्ही हातांनी छातीशी धरून, अनवाणी, त्या सगळ्या लोकांसारखेच.

मॅडमचा फोन सोमवारी. मिळेल का, रतलामच का, काही माहीत नाही.

तीन वाजताच नऊ नंबर संपला. आठ आणि नऊ जास्त मागवायचे, पुढची शनिश्चरी कधी ते इथलं पंचांग बघून लावायचं, असं स्टोअरच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. तेव्हा इथे मी असेन की दुसरं कुणी, त्याला वाचता यावं म्हणून हिंदीत.