हाडांच्या वॉर्डात मनाचे डॉक्टर

प्रिय वहिनी,

भटकत भटकत या गावात रंगाऱ्याच्या हाताखाली लागलो होतो, आता पाय मोडून हाडांच्या वॉर्डात पडलोय. गच्चीवरून तोल गेला, असं सगळ्यांना सांगितलं. इथली नर्स टोमणे मारण्यात तुझ्या वरताण आहे, पण ते राहू दे. काल मनाचे डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले.

"साहेब, वॉर्ड चुकलात. माझं हाड मोडलंय, डोकं शाबूत आहे."

"मला वॉर्डच नाही. बोलावतील त्या खाटेपाशी जातो. तू तीन दिवस जेवला नाहीस, म्हणून नर्सनं बोलावलं."

पडदा ओढून ते स्टुलावर बसले. "तोल गेला, की उडी मारलीस?"

इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं गं. मी खरं सांगितलं आणि पोरासारखा रडलो. ते रागावले नाहीत. रोज येईन म्हणाले, आणि घरच्या कुणाला कळवू, असं विचारलं. दादा आधी चिडेल, तू आधी ऐकशील, म्हणून तुझा नंबर दिला.

आत्ताच नर्स सांगून गेली, तू निघालीस. मग हे पत्र कशाला टाकू? सगळं तोंडानंच सांगेन. कान पिळायचा तर पीळ, पण आधी जरा जवळ बस.

तुझा,
उनाड दीर