नाळेतलं रक्त

औरंगाबाद, चिकलठाणा

तीर्थरूप मायला मल्हारीचा दंडवत.

तुझ्या सुनेला मुलगी झाली. दोघी खुशाल हायेत. नामांतराच्या बंदमुळं एसटीचा भरवसा नाय, म्हणून पत्र धाडतोय.

दवाखान्यात नाळेतलं रक्त तपासाया नेलं. डॉक्टरीण म्हणती, पोरीत लोह कमी हाय, आईच्या पोटातच मिळालं नाय. मी दिवसभर कारखान्यात लोखंड कापतो, पण हे लोखंड मला कळंना. पोर तर लई गुटगुटीत हाय.

आपली गाभण शेळी बरी हाय ना?

माय, लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, असं तू तुझ्या सुनेला बोलली व्हतीस का? पोटुशी असताना दवाखान्यानं दिलेल्या सगळ्या गोळ्या तिच्या ट्रंकेत तशाच निघाल्या. विचारलं तर म्हणती, "पोर गोरी झालीय, एवढं मायला कळवा."

तेवढं कळवलं.

तुझा लेक,
मल्हारी